दोडक्याची पूर्णमादी ओळ : प्रकल्प नोंदी (बदनापूर तालुका, जि. जालना)

कामाची रूपरेषा

दोडक्याच्या संकरित बियाण्यात मजुरी खाणारे काम एकच : मादी ओळीतली (ज्या वेलांवर संकरित बी धरायचे, त्यांवरची) नर फुले खुडणे. दोडक्याच्या ज्या बेचक्यात एकटी मादी कळी बसते, त्याच बेचक्यातून नर कळ्यांचा घोसही निघतो. घोसातल्या कळ्या रोज एक-दोन अशा कितीतरी दिवस उमलत राहतात. म्हणजे आज खुडलेल्या वेलावर उद्या पुन्हा नजर फिरवावीच लागते, आणि एक घोस पानाआड राहिला की त्या वेलाचा पराग त्याच वेलावर पडतो. जालना पट्ट्यात क्रॉसिंगचे (हाताने परागण करण्याचे) हात पुष्कळ आहेत (महिको ही बियाणे कंपनी १९६४ साली जालन्यातच सुरू झाली, तेव्हापासून हे काम इथल्या शिवारात मुरले आहे), पण कपाशी आणि भाजीपाल्याचे क्रॉसिंग एकाच वेळी आले की माणूस मिळत नाही.

उपाय म्हणून मुळात नर घोसच न येणारी मादी ओळ तयार करायची. त्यासाठी बिहारकडचा सातपुतिया हा दोडक्याचा प्रकार घेतला. त्याची सगळी फुले द्विलिंगी, फळे आखूड आणि झुबक्याने लागतात. त्याचा संकर आपल्याकडच्या लांब फळाच्या साध्या दोडक्याशी करून एफ-१ (संकराची पहिली पिढी), आणि एफ-१ स्वपरागित करून एफ-२ (दुसरी पिढी) बी आधीच हाताशी आहे.

जनुकांची मांडणी अशी : ए आणि जी अशा दोन जोड्या. दोन्ही प्रभावी असतील तर साधा वेल (नर वेगळे, मादी वेगळी). ए प्रभावी आणि जी अप्रभावी असेल तर पूर्णमादी. ए अप्रभावी आणि जी प्रभावी असेल तर नर फुले अधिक द्विलिंगी फुले. दोन्ही अप्रभावी म्हणजे सातपुतिया, पूर्ण द्विलिंगी. एफ-२ मध्ये ९ : ३ : ३ : १ हे प्रमाण अपेक्षित. आपल्याला हवा तो दुसरा गट.

१८ जून २०२३

पाऊस लांबलेला, म्हणून थेट टोकण न करता ट्रे भरले. एफ-२ चे २१४ दाणे २४ तास भिजवले, तरंगलेले १४ टाकून दिले, २०० दाणे ५० कप्प्यांच्या चार ट्रेमध्ये २ सेंमी खोल. दोडक्याचे कवच जाड असते, न भिजवता पेरले तर उगवण आठ-आठ दिवस मागेपुढे होते आणि पुढे लिंग तपासताना वेल वेगवेगळ्या वयाचे भेटतात. दोन्ही पालक आणि एफ-१ यांचे प्रत्येकी १५ दाणे वेगळ्या ट्रेमध्ये.

४ जुलै २०२३

१८१ उगवले, त्यातली १७६ रोपे लावली. २ मीटर × ६० सेंमी, ठिबक, १.८ मीटर उंचीची तारेची ताटी. जमीन भारी काळी, सामू ८.१. प्रत्येक वेलाला स्वतंत्र क्रमांकाचे पत्र्याचे लेबल. प्लॅस्टिकवर मार्करने लिहिलेले इथल्या उन्हात दोन महिन्यांत पुसते.

मुख्य वेल सुतळीवर उभा, एकेरी चढवायचा आणि बगलफूट पहिल्या दहा पेरांपर्यंत काढायची, असे ठरले. वेल एकमेकांत गुंतले की कोणते फूल कोणाचे, हे संध्याकाळच्या उजेडात कळत नाही.

१० ऑगस्ट २०२३

लिंग तपासणीची पहिली फेरी केली आणि रद्द केली. चूक आमचीच. आठव्या पेरापर्यंत पाहून खुणा केल्या होत्या. साध्या वेलाला सुरुवातीच्या पेरांवर नुसते नर घोस येतात, मादी नंतर. नर-द्विलिंगी वेलालाही सुरुवातीला नरच. म्हणजे आठव्या पेरावर हे दोन गट सारखेच दिसतात. फरक फक्त फळ धरणाऱ्या फुलाच्या पोटात असतो.

नवा नियम : मुख्य वेलाची २० पेरे पूर्ण झाल्याशिवाय गट लिहायचा नाही. बुडाशी छोटे दोडके (बीजांडकोश) असलेली किमान तीन फुले उघडून पाहायची. आत फक्त तीन दुभंगलेल्या कुक्षी असतील तर मादी, कुक्षीभोवती परागकोशही असतील तर द्विलिंगी. दुसऱ्या दिवशी उमलणारी, टोकाला पिवळी दिसणारी कळी दुपारी चिरून पाहिली तरी चालते, उमलण्याची वाट पाहायला नको. उमलणे ऑगस्टमध्ये साधारण साडेपाचनंतर. घोसाळे याच्या उलट, ते पहाटे उमलते.

२९ ऑगस्ट २०२३

या महिन्यात पाऊस जवळजवळ नाहीच. शेततळ्यातून एक दिवसाआड ठिबक. १२ वेल मर आणि पाण्याच्या ताणाने गेले, १६४ वेलांचा गट पक्का झाला :

साधे ९७, पूर्णमादी २७, नर-द्विलिंगी ३२, पूर्ण द्विलिंगी ८.

अपेक्षित ९२.२५, ३०.७५, ३०.७५ आणि १०.२५. काय-वर्ग (अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतली तफावत मोजणारी कसोटी) १.२५, तीन मुक्तांशांसाठी ५ टक्के पातळीची मर्यादा ७.८१. मांडणी जुळते. एफ-१ चे सगळे वेल साधे, हेही बरोबर.

२७ पूर्णमादी वेलांत एक कळीचा प्रश्न आहे. हे सगळे दिसायला सारखे, पण त्यातल्या एक-तृतीयांशांत ए ची जोडी शुद्ध आणि दोन-तृतीयांशांत मिश्र असणार. मिश्र वेल स्वपरागित केला की त्याच्या पोटी चारात एक पूर्ण द्विलिंगी निघेल, म्हणजे मादी ओळीत पुन्हा पराग आला. म्हणून प्रत्येक वेल स्वपरागित करून त्याची पिढी पाहण्याला पर्याय नाही. पण पूर्णमादी वेलाला पराग नाही, मग स्वपरागण कसले? इथे चांदी लागते.

५ सप्टेंबर २०२३

इथिलीन हे वेलातले संप्रेरक मादीपणा वाढवते. चांदीचे आयन इथिलीनचे काम रोखतात, म्हणून पूर्णमादी वेलावरही काही काळ नर फुले येतात. (इथ्रेल, म्हणजे इथिलीन सोडणारे औषध, याच्या उलट : ३९ टक्के द्रावणाचे ०.६४ मिली प्रति लिटर म्हणजे २५० पीपीएम, दोन आणि चार पानांवर फवारले की मादी फुले वाढतात. पण परिणाम पुढच्या पेरांवर ओसरतो, नर घोस परत येतात. ती ओळ नव्हे, ती तात्पुरती सोय.)

एसटीएस (सिल्व्हर थायोसल्फेट) द्रावण, १ लिटर, ३ मिलिमोलर :
सिल्व्हर नायट्रेट ०.५१ ग्रॅम, ५०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात.
सोडियम थायोसल्फेट (पाच रेणू पाण्याचे, फोटोग्राफीचा हायपो) २.९८ ग्रॅम, दुसऱ्या ५०० मिलीत.
चांदीचे द्रावण थायोसल्फेटमध्ये बारीक धारेने, ढवळत ओतायचे. उलटे ओतले तर काळपट गाळ बसतो. तपकिरी बाटली, त्याच दिवशी वापर.

पहिला घाणा वाया गेला. ऊर्ध्वपातित पाणी कमी पडले म्हणून सिल्व्हर नायट्रेट बोअरच्या पाण्यात विरघळवले, आणि ते ताकासारखे पांढरे झाले. बोअरच्या पाण्यातल्या क्लोराइडने चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन खाली बसली. इथल्या बोअरवर हे होणारच. बॅटरीचे पाणी विकत आणून काम झाले. हातमोजे घालावेत, नाहीतर बोटांवरचे काळे डाग आठवडाभर जात नाहीत.

खरे तर फवारणी दोन ते चार पानांच्या रोपावर करतात. आपले वेल फुलावर आलेले, म्हणून २७ पैकी फळ १५ सेंमीच्या वर आणि झुबका नसलेले १२ वेल निवडून प्रत्येकाच्या दोन कोवळ्या बगलफुटींच्या शेंड्यांवर फवारले. बाकी वेल पॉलिथिनने झाकला. संध्याकाळी, शेंडा निथळेपर्यंत. ११ आणि १७ तारखेला पुन्हा.

२८ सप्टेंबर २०२३

पहिल्या फवारणीपासून २३ दिवसांनी १२ पैकी १० वेलांवर नर घोस. कळ्या साध्या नरांपेक्षा बारीक. अॅसिटोकार्मिन (परागकण रंगवणारे द्रव्य) १ टक्का लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले : भरलेले, लाल रंग घेणारे कण चांगले दिसतात, पण दोन वेलांत अर्ध्याहून अधिक कण चुरगळलेले. हे दोन्ही वेल फवारणीत पाने करपलेलेच. नर फुले फक्त सात-आठ पेरांवर येतात, नंतर शेंडा पुन्हा मादी होतो. म्हणजे हाती दोन-अडीच आठवडे.

रोजचा क्रम :
दुपारी ३ ते ४ : उद्या नव्हे, आज उमलणाऱ्या मादी कळीवर बटर पेपरची टोपी, देठाशी यू-पिन. नर कळ्यांवरही टोपी, नाहीतर पतंग आणि मधमाश्या दुसऱ्याचा पराग त्यांवर आणून ठेवतात.
संध्याकाळी ६ ते ७.३० : नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडायच्या, तिन्ही कुक्षींवर फिरवायचे. एका मादीला एक नर. एक कुक्षी राहिली तर फळ एका बाजूला वाकते आणि त्या बाजूचे बी पोचट निघते.
लगेच टोपी परत, देठाला लोकर : स्वपरागणाला लाल, फळ लांब व्हावे म्हणून लांब फळाच्या पालकाशी मागे फिरवलेल्या (पुन्हा केलेल्या) संकराला पांढरी. लेबलवर वेल क्रमांक आणि तारीख.
तिसऱ्या दिवशी टोपी काढायची. जास्त दिवस ठेवली तर आत फळ सडते.

ओल्या हाताने नर फूल धरू नये. पाणी लागले की परागकण फुगून फुटतात. पाऊस आला ती संध्याकाळ सोडून दिली.

११ नोव्हेंबर २०२३

परागणानंतर सहा-साडेसहा आठवड्यांत फळे तपकिरी, हलकी, हलवल्यावर आत खुळखुळणारी. दोडक्याच्या टोकाला निसर्गानेच झाकण दिले आहे. ते बोटाने उचकटून फळ उलटे झटकले की बी पडते, फळ चिरायची गरज नाही. ९ वेलांचे स्वपरागित बी मिळाले, फळामागे ४० ते ११० दाणे. दहाव्या वेलाची तिन्ही फळे फळमाशीने नेली. क्यू-ल्यूर (फळमाशीच्या नरांना ओढणारे) सापळे होते, पण टोपी काढल्यावर लगेच जाळीची पिशवी घालायला हवी होती.

चांगले दाणे काळे आणि खडबडीत. तपकिरी-पांढरे दाणे अपक्व, ते काढले. सकाळच्या उन्हात ताडपत्रीवर वाळवले, ११ नंतर सावलीत. ओलावा ७ टक्क्यांवर आणून डबाबंद.

पांढऱ्या लोकरीच्या फळांचे बी वेगळे ठेवले. एफ-२ मध्ये सातपुतियाचा वाटा सरासरी निम्मा आहे. लांब पालकाशी एकदा फिरवला की पाव, दोनदा फिरवला की आठवा हिस्सा. जी अप्रभावी असल्याने प्रत्येक फेरीनंतर एक स्वपरागण करावे लागते, तेव्हाच पूर्णमादी वेल दिसतो. म्हणजे एका फेरीला दोन हंगाम. लांबीची घाई करण्यात अर्थ नाही.

३० जानेवारी २०२४

नऊ कुटुंबे (एकेका स्वपरागित वेलाची पिढी म्हणजे एक कुटुंब), प्रत्येकी २४ रोपे, ४० मेश कीटकरोधक जाळीत. संख्या मोजून घेतली आहे. मिश्र वेलाच्या पिढीत द्विलिंगी वेल चारात एक. १० रोपे पाहिली आणि एकही द्विलिंगी नाही, तरी मिश्र वेलाच्या बाबतीतही असे घडण्याची शक्यता ५.६ टक्के असते. १७ रोपांवर ती ०.७५ टक्क्यावर येते. म्हणून किमान १७ जिवंत वेल, बाकी मरतुकीसाठी.

२६ मार्च २०२४

पाच कुटुंबांत द्विलिंगी वेल निघाले, ती बाद. चार कुटुंबांत एकही नाही. पण त्यातल्या एका कुटुंबात जाळीचा कोपरा फाटून पांढरी माशी शिरली आणि मोझॅकने (पाने पिवळी-आकसलेली, शेंडा खुजा) १३ वेल उपटावे लागले, उरले ११. अकरांवर शंका ४.२ टक्के. ते कुटुंब शुद्ध धरायचे नाही, बी राखून पुढे पाहू. पक्की मादी कुटुंबे तीन : ४, ११ आणि १९.

१२ एप्रिल २०२४

तिन्ही कुटुंबांवर संकर सुरू. नर म्हणून किनवटकडून आणलेला लांब, गडद हिरवा, उंच शिरांचा वाण, १२ वेल, वेगळ्या जाळीत. नर वेलांवर फळ धरले की नर घोस कमी होतात, म्हणून त्यांच्या सगळ्या मादी कळ्या रोज खुडल्या. १२ वेलांचा पराग एकत्र करून वापरला.

मादी ओळीत खुडण्याचे काम जवळपास शून्य. चार ओळींची फेरी २० मिनिटांत, तीही फक्त पाहणीची. ती सोडायची नाही, कारण जाळीत पारा ४१ वर गेल्यावर कुटुंब १९ च्या दोन वेलांवर १४व्या पेराच्या पुढे नर घोस डोकावले. उष्णता आणि लांब दिवस वेलाला नरपणाकडे ढकलतात, आणि पूर्णमादी ओळीची खरी परीक्षा मराठवाड्याच्या एप्रिलमध्येच होते, राहुरी-पुण्याच्या थंडीत नव्हे. घोस खुडले, वेलांना खूण केली.

फळधारणा खराब : ६२ परागणांपैकी १९ फळे. वेळ साडेसहाच्या पुढे ढकलली, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात काम केले आणि दुपारी जाळीवर दोनदा फॉगर चालवले. नंतरच्या आठवड्यात बरी झाली.

२० जून २०२४

संकरित बी पेरले. ग्रो-आउट चाचणीला (बी प्रत्यक्ष वाढवून त्याची शुद्धता पाहण्याला) १०८ वेल, तिन्ही कुटुंबांचे प्रत्येकी ३६. या चाचणीत सोय अशी की ओळख पटवायला वेगळी खूण लागत नाही. खरा संकर साधा वेल असणार (जी चा एक प्रभावी भाग नराकडून आला). मादी ओळीचे स्वतःचे बी असेल तर तो वेल पूर्णमादी दिसेल. एकही नर घोस नसलेला वेल म्हणजे भेसळ.

३ सप्टेंबर २०२४

१ आणि २ तारखेच्या अतिवृष्टीने वाफे पाण्याखाली. ताटी एका बाजूने बसली. १२ वेल गेले, ९६ उरले. चर खोदून पाणी काढले.

१७ सप्टेंबर २०२४

मुक्तिसंग्राम दिन, मजूर नाहीत, मोजणी आपणच केली.

पूर्णमादी वेल १, कुटुंब १९ मधला. एप्रिलमध्ये खूण केलेल्या दोन वेलांच्या शेजारच्या फळातले बी. खुडण्याआधी एखादे फूल उमलून गेले असावे.

दुसरी भेसळ अनपेक्षित : ४ वेलांची फळे कडू. फळाचा देठाकडचा काप जिभेला लावून थुंकायचा, चूळ भरायची, दुसऱ्याने खात्री करायची. गिळायचा नाही. कडूपणा कुकुर्बिटासिनचा, उलट्या-जुलाब होतात. चार कडू वेल तिन्ही कुटुंबांत विखुरलेले. साधे लांबी-रुंदीचे मोजमाप मग बाजूलाच राहिले.

२९ सप्टेंबर २०२४

कडू वेलांचा उलगडा. गावात ऐकू येते तसे «शेजारी कारले होते म्हणून» हे कारण नव्हे. कारले आणि दोडका यांचा संकर होत नाही. शिवाय परक्या परागाने चालू हंगामाचे फळ कडू होत नाही, तो गुण बियातल्या अंकुरात जातो आणि पुढच्या पिढीच्या फळात दिसतो. खरा संशयित बांधावरची रानटी कडू दोडकी. ती दोडक्याचीच जात, सहज संकर होतो, आणि कडूपणा प्रभावी.

मादी जाळीत बाहेरचा पराग आला असता तर एखाद-दुसऱ्या फळाचे बी भरपूर कडू निघाले असते. इथे चारही वेल वेगवेगळ्या फळांतले. मग नर. १२ नर वेलांपैकी एक जरी कडूपणासाठी मिश्र असेल, तर त्याचा निम्मा पराग कडू, एकत्र केलेल्या परागात २४ वा हिस्सा, आणि ९६ वेलांत अपेक्षित कडू वेल ४. आकडा तंतोतंत बसला म्हणून ते सिद्ध झाले असे नाही, पण दिशा तीच.

किनवटकडचे बी जिथून आणले तिथे कुंपणावर कडू दोडकी असणे अगदी शक्य आहे. प्रभावी गुण असल्याने तो मिश्र नर वेल स्वतःही कडू फळ देणारा होता. नुसते एक फळ चाखले असते तर सापडला असता. पण नर घोस वाढावेत म्हणून आपण नर ओळीवर एकही फळ राहू दिले नाही. मादी ओळीच्या शुद्धतेसाठी दोन हंगाम घालवले आणि नर ओळ चाखलीही नाही.

ठरवलेले :
किनवट वाणाच्या उरलेल्या बियातून ४० वेल जानेवारीत, प्रत्येकावर पहिली दोन फळे धरू द्यायची, आठव्या दिवशी चाखून मगच त्या वेलाचा पराग घ्यायचा.
यापुढे पराग एकत्र करायचा नाही. प्रत्येक नर वेलाचा वेगळा, लेबलवर नराचा क्रमांक.
जाळीभोवती १००० मीटरमधली बांधावरची कडू दोडकी फुलण्याआधी उपटायची. शेजारच्या दोन शेतकऱ्यांशी बोलणे झाले आहे, ओढ्याकाठची राहिली आहे.
कुटुंब १९ चे खूण केलेले दोन वेल आणि त्यांचे बी बाद. ४ आणि ११ एप्रिलच्या उन्हात पुन्हा पाहायची.